शुक्रवारी परत करायची किसणी

सकाळी साडेसातला चेकरबाईंनी गाजरं धुतली, सोलली, ताटलीत ओळीनं मांडली आणि किसणीसाठी ओट्याखालच्या खणात हात घातला. किसणी नव्हती. दुसरा खण पाहिला, भांड्यांची जाळी पाहिली, फ्रिजच्या मागेसुद्धा वाकून पाहिलं. मग त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि बाहेरच्या खोलीत त्यांनी अशी काही नजर टाकली, की बूट घालत बसलेल्या मुलाचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. ती नजर त्याला लहानपणापासून ठाऊक होती. 'तिकीट दाखवा' म्हणणारी नजर होती ती.

चेकरबाईंनी एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली होती. झोपेचं सोंग घेणारे, खिडकीबाहेर बघत गुणगुणणारे, 'आत्ताच तर हातात होतं हो' म्हणत सगळे खिसे उलटे करणारे, असले सगळे नमुने त्या बसच्या पायरीवरूनच ओळखायच्या. निवृत्त होऊन पाच महिने झाले होते. गणवेश उतरला, पण सवय काही सरकारजमा होत नाही. दूधवाल्याचं माप, शेजाऱ्यांचे पाहुणे, डॉक्टरांचं अक्षर, सगळ्यांवर त्यांचा सारखाच संशय. घरात त्यांना तोंडावर चेकरबाई कुणी म्हणत नसे. मागे म्हणत असतील असा त्यांना संशय होता, आणि तो खरा होता.

"किसणी कुठंय?"

"मला काय माहीत, आई? मी कधी किसतो का काही?" मुलगा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. वर-खाली जाण्याशी त्याचा संबंध, किसण्याशी नाही.

"तेच म्हणते मी. तू किसत नाहीस, मी घेतली नाही. मग राहिलं कोण?"

राहिली होती सून. पण ती सव्वासातलाच कामावर गेली होती. ती नर्स होती. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग व्हायच्या आधीच त्याची चाहूल लागावी म्हणून बायकांची तपासणी करतात, त्या विभागात ती काम करायची. आणि आज जाताना तिची पिशवी चांगली फुगलेली होती. चेकरबाईंनी ते टिपलं होतं.

महिन्याभरातली ही पाचवी वस्तू. आधी फुलाफुलांची छत्री गेली, ड्यूटीवर न्यायच्या ती. मग उशाशी असलेला टॉर्च गेला. गुडघे शेकायची रबरी पिशवी गेली, मग धारेची कात्री, आणि आता किसणी. सगळ्या चेकरबाईंच्या हातातल्या वस्तू. सुनेचा एक कंगवासुद्धा जागचा हलला नव्हता.

आता एक गोष्ट इथंच सांगून टाकलेली बरी, कारण चेकरबाई ती आपणहून कधीच सांगणार नाहीत. त्यांच्या कपाटात, घडी केलेल्या गणवेशाखाली, एक पत्र होतं. निवृत्तीच्या आधी डेपोतल्या बायकांसाठी तपासणी ठेवली होती आणि सगळ्याजणी गेल्या म्हणून त्याही गेल्या. तिथल्या मोठ्या सिस्टरना त्यांनी बजावलं होतं, "माझी सून तुमच्याच दवाखान्यात आहे. तिला माझ्याबद्दल एक अक्षर सांगायचं नाही." महिन्याभरानं पत्र आलं. 'काही पेशींमध्ये बदल दिसतात. याचा अर्थ कर्करोग झाला आहे असा नाही. मात्र पुन्हा तपासणीसाठी अवश्य यावे.' चेकरबाईंनी पहिलं वाक्य मानलं, तिसरंही मानलं, पण मधल्या वाक्यावर त्यांचा काडीचा विश्वास बसला नाही. 'असा नाही' असं कोण मुद्दाम लिहितं? ज्याच्याकडे तिकीट नसतं, तोच न विचारता सांगतो की माझ्याकडे तिकीट आहे.

त्यानंतर दवाखान्यातून तीन वेळा फोन आला. पहिल्यांदा त्यांनी 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. दुसऱ्यांदा 'बाई बाहेर गेल्यात' म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा 'त्या गावाला गेल्या, कायमच्या' असं ठोकून दिलं, आणि मग आपल्याच वाक्यानं इतक्या घाबरल्या की दुपारी घास उतरला नाही. भीती वाटत होती, हे खरं. सकाळी डोळे उघडले की पहिली आठवण त्या पत्राची यायची. उरलेला दिवस दुसऱ्या कुणावर तरी संशय घेण्यात घालवला की जरा बरा जायचा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं म्हणतात ते उगाच नाही.

संध्याकाळी सून आली. पिशवी रिकामी, चप्पट.

"अगं, किसणी दिसली का कुठं?"

"किसणी?" सून पाणी पिता पिता म्हणाली. "असेल हो आई, इथंच कुठंतरी."

'असेल इथंच कुठंतरी' हे वाक्य चेकरबाईंनी नोकरीत हजारो वेळा ऐकलं होतं, आणि ते म्हणणाऱ्या एकाकडेही तिकीट निघालं नव्हतं. त्यांनी मान डोलावली. संशयिताला सावध करायचं नसतं. थोड्या वेळानं सुनेचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत गॅलरीत गेली, तेव्हा चेकरबाईंना एकाएकी गॅलरीच्या दाराची काच पुसायची आठवण झाली.

"हो ताई, खोली लहान आहे, पण स्वतंत्र आहे," सून दबक्या आवाजात सांगत होती. "दार आतून लागतं. पडदा आहे. नाही हो, घरी कुणाला सांगायची काही गरज नाही. कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही. शुक्रवारी सकाळी या. मी आहे ना."

चेकरबाईंच्या हातातलं फडकं काचेवर तसंच थांबलं. छत्री, टॉर्च, शेकायची पिशवी, कात्री, किसणी, आणि आता स्वतंत्र खोली! सगळा हिशेब जुळला. सून वेगळं बिऱ्हाड थाटत होती. एकदम सामान हलवलं तर डोळ्यावर येईल, म्हणून रोज एकेक वस्तू पिशवीतून पुढे धाडत होती. आणि बाईसाहेब स्वतःचं काही मोडत नव्हत्या, सासूच्या सामानावर संसार उभा करत होत्या.

दुसऱ्या दिवशी सून गेल्यावर त्यांनी मुलाला पुढ्यात बसवलं. "तुझी बायको वेगळं राहायचं बघतेय. तुला माहीत आहे का?"

मुलाच्या तोंडातला चहा तोंडातच राहिला. "वेगळं? म्हणजे माझ्याबरोबर वेगळं, का माझ्यापासून वेगळं?"

हा प्रश्न चेकरबाईंना सुचलाच नव्हता. "ते तू तिला विचार."

मुलगा विचारणाऱ्यांतला नव्हता. तेविसाव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर उभा राहायला तो घाबरत नसे, पण बायकोला सरळ प्रश्न विचारायचा म्हटलं की त्याची पाचावर धारण बसायची. गेल्या महिन्यात आपण तिचा वाढदिवस विसरलो होतो, हे त्याला आठवलं. मागच्याच आठवड्यात 'ओला टॉवेल गादीवर टाकू नका' असं ती तीनदा म्हणाली होती, हेही आठवलं. ती एकटीच निघून जाण्यापेक्षा आपणच दोघांसाठी घर बघून ठेवावं, म्हणजे निदान आपला नंबर तरी लागेल, असा विचार करून त्यानं कामावर जाता जाता घरं दाखवणाऱ्या एजंटाला फोन केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एजंट कामाला वाघ निघाला. बुधवारी दुपारी बारा वाजता तो दारात हजर.

"साहेब आहेत? त्यांनी घर बघायला सांगितलं होतं. दोन माणसांसाठी."

"किती माणसांसाठी?"

"दोन. लवकरात लवकर पाहिजे म्हणाले." एजंटनं चेकरबाईंच्या खांद्यावरून आत नजर टाकली. "हे घर मग रिकामं करणार का तुम्ही? का तुम्ही इथंच राहणार, एकट्या?"

चेकरबाईंनी दार लावून घेतलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणाला उलट प्रश्न विचारावासा वाटला नाही. त्या आत जाऊन कपाटासमोर बसल्या, गणवेश बाजूला केला आणि पत्र हातात घेतलं. आज ना उद्या ते कुणाला तरी दाखवावं लागणार, हे त्यांना कळत होतं. हिय्या झाला तर सुनेलाच दाखवायचं, असंही अधूनमधून मनात यायचं. आता दाखवायचं तरी कोणाला? त्यांना रडू आलं. आपल्याला रडू आलं याचासुद्धा त्यांना राग आला, आणि डोळे पुसून त्या तडक वरच्या मजल्यावर गेल्या.

वर शिवणवाली राहायची. गेली अठरा वर्षं ती दोघांतिघांचे कपडे एका वेळी शिवत असायची आणि चेकरबाईंचं मन मोकळं करून घेत असायची. तिच्या घरी बसायला जागा कधीच नसे. खुर्चीवर कापड, पलंगावर कापड. म्हणून चेकरबाई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातल्या स्टुलाकडे गेल्या, आणि स्टुलावर किसणी होती.

मधल्या आकाराची. एका कोपऱ्यात चेपलेली. तो चेपा चेकरबाईंच्या हातून पडून आलेला होता.

"ही माझी किसणी."

शिवणवालीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या एकेक करून काढल्या, त्यात जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढला. "हो. म्हणजे, तुमच्या सुनेनं दिली मला."

"तुला कशाला? तुझ्या घरात दोन आहेत. एक बारीक, एक जाड. मला माहीत नाही का?"

"मी पण तेच म्हटलं हो. पण तिनं हातात कोंबलीच. म्हणाली, ठेवा तुमच्याकडे, शुक्रवारी आणून द्या."

"मग आण. एक जिना उतरायचाय."

"नाही ना," शिवणवाली रडकुंडीला येऊन म्हणाली. "इथं नाही द्यायची. दवाखान्यात आणून द्यायची, असं सांगितलंय."

चेकरबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे तू वर राहतेस, ती खाली राहते. किसणी खालची. ती वर आली. आणि परत खाली जायला ती बसनं दवाखान्यात जाणार?"

"बाई, मला काही विचारू नका. माझं माझं काम आहे तिथं. मी कुणाला बोललेली नाही."

एवढं बोलून शिवणवालीनं पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या. ती बोलायचं टाळते आहे हे दिसतच होतं. अठरा वर्षांची मैत्रीण फितूर! कट तर होताच, पण तो एवढा पसरला असेल असं चेकरबाईंना वाटलं नव्हतं. चोरीचा माल आता दवाखान्यातच पकडायचा, असं त्यांनी ठरवलं.

शुक्रवारी नऊ वाजता शिवणवाली पिशवी छातीशी धरून निघाली. चेकरबाई चाळीस पावलं मागं. शिवणवाली बसच्या पुढच्या दारानं चढली, त्या मागच्या दारानं चढल्या. तिकीट काढलं आणि उतरेपर्यंत हातात उंच धरून ठेवलं. नवा कंडक्टर दोनदा म्हणाला, "मावशी, खिशात ठेवा ना," पण त्यांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो पुढे सरकला.

दवाखान्याचा तो विभाग मागच्या बाजूला, लांब व्हरांड्याच्या टोकाला होता. भिंतीला लागून दोन बाकं, एक पंखा, पाण्याचं पिंप. चेकरबाई खांबाआड उभ्या राहिल्या आणि त्यांनी बाकांवरून नजर फिरवली. शिवणवालीच्या मांडीवर किसणी होती. तिच्या शेजारी बँकेत काम करणारी वाटावी अशी, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली बाई, तिच्या हातात फुलाफुलांची छत्री. पलीकडे एक भाजीवाली, हातांना अजून कोथिंबिरीचा वास, आणि तिच्या कुशीत शेकायची रबरी पिशवी, लेकरासारखी निजवलेली.

चेकरबाईंचं भान सुटलं. त्या खांबाआडून पुढे आल्या आणि एकतीस वर्षांचा आवाज लावला.

"चला, दाखवा! हातातलं दाखवा सगळ्यांनी!"

बँकेतली बाई दचकून पर्समध्ये तिकीट शोधू लागली. भाजीवालीनं दोन्ही हात वर केले. रबरी पिशवी खाली पडली.

"ही छत्री कुणाची?"

"सिस्टरची आहे," बँकेतली बाई म्हणाली. "मागच्या वेळी इथून तपासणी करून निघाले, तेव्हा ऊन मरणाचं होतं. त्या म्हणाल्या, न्या ही, पुढच्या वेळी येताना आणा."

"आणि तुम्ही नेलीत?"

"नको नको म्हणत होते हो. हातात दिलीच त्यांनी. मग पत्र आलं, पुन्हा तपासायला या म्हणून. खरं सांगू? मी येणार नव्हते. सुट्टी मिळत नाही, असं मी स्वतःलाच सांगत होते. पण छत्री दाराच्या मागे टांगलेली. जाता-येता दिसायची. परक्याची वस्तू अशी घरात ठेवून बसायचं, म्हणजे आपल्यालाच कसंतरी होतं ना."

"मी तर पत्र टोमॅटोच्या क्रेटखाली घातलं होतं," भाजीवाली म्हणाली. आता तिला कंठ फुटला होता. "म्हटलं कुजू दे तिथंच. पण ह्या पिशवीचं काय करू? नवरा रोज विचारतोय, ही कुणाची, कुठनं आणलीस, कधी देणार? त्याला वाटलं मी ढापली. शेवटी म्हटलं, मरू दे ती भीती, ही पिशवी एकदा देऊन टाकते."

"आणि मी तुमच्या वर राहणारी," शिवणवाली हळूच म्हणाली, "म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. आपल्या आळीत एक गोष्ट एकीला कळली, की संध्याकाळपर्यंत बसथांब्यावर पोचते."

चेकरबाई बाकाच्या कडेला टेकल्या. बिऱ्हाडाचा विचार डोक्यातून पुरता गेला नव्हता, पण त्याला आता कुठं टेकू मिळेना. त्यांनी आवाज खाली आणला. "पण पत्रात ते 'बदल' वगैरे लिहितात. तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की," बँकेतली बाई म्हणाली. मग ती थांबली. "पत्रात काय लिहितात, ते तुम्हाला कसं माहीत? तुम्हालाही आलंय का?"

"मला? छे! मी सामान न्यायला आलेय."

तिघींनी एकदम चेकरबाईंकडे पाहिलं. त्यांची ती नजर चेकरबाईंनी तत्काळ ओळखली, कारण इतकी वर्षं ती त्यांची स्वतःचीच होती. आयुष्यात पहिल्यांदा त्या तिच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. गुणगुणायलाही लागल्या असत्या, पण तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि मोठ्या सिस्टर बाहेर आल्या.

"कोण ओरडत होतं इथं? हा आवाज मी ऐकलाय कुठंतरी." त्यांनी चष्मा वर केला. "फोनवर! तुम्ही तर कायमच्या गावाला गेला होतात ना?"

"परत आले," चेकरबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

मोठ्या सिस्टरच्या मागून सून आली. बाकावर सासू, सासूच्या एका बाजूला छत्री, दुसऱ्या बाजूला किसणी, पायाशी शेकायची पिशवी, असा देखावा बघून ती दारातच थांबली.

"तुमच्या सुनेवर मीही नजर ठेवून होते बरं का," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "रोज नवीन वस्तू घेऊन यायची. मला वाटलं, ही दवाखान्यात भांड्यांचं दुकान काढतेय. नोटीस काढणार होते. मग महिनाअखेरीला बघितलं, तर पत्र पाठवून आणि फोन करून ज्या येत नव्हत्या, त्या हातात काहीबाही घेऊन यायला लागलेल्या. मग कशाला बोलू?"

चेकरबाई उठल्या आणि सुनेला पिंपापाशी घेऊन गेल्या. ओरडायचं ठरवून आल्या होत्या, पण आवाज भलताच बारीक निघाला. "मला एकच सांग. वेगळं राहायचं आहे का तुम्हाला?"

"कुणाला?"

"एजंट आला होता घरी. दोघांसाठी घर पाहिजे म्हणाला."

सुनेनं नवऱ्याला फोन लावला. पलीकडून लिफ्टचा घरघराट आणि नवऱ्याचा केविलवाणा आवाज आला. "अगं, मला वाटलं तुला जायचंय. मी म्हटलं, मला पण ने. आईलासुद्धा नंतर नेलं असतं, पण आईला कसं विचारणार? टॉवेल मी आता दोरीवरच टाकतो, बघितलंस ना?"

"घरी आल्यावर बोलू," सून म्हणाली आणि तिनं फोन बंद केला. मग सासूकडे वळली. "आई, मी कुठंही जात नाहीये. तुम्हीही जायचं नाही कुठं."

चेकरबाईंनी पिंपाचं झाकण उगाचच सरळ केलं. त्यांनी पर्स उघडली. पत्र तिथंच होतं. आज निघताना आपण ते का घेतलं, याचं उत्तर त्यांनी स्वतःला दिलं नव्हतं. त्यांनी ते सुनेच्या हातात दिलं नाही. मोठ्या सिस्टरच्या हातात दिलं, आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, "घ्या. पकडलंत एकदाचं."

"पकडायला कशाला? मधलं वाक्य वाचलंत ना?"

"वाचलं. पटलं नाही."

"आज भिंगातून नीट बघू. लागलं तर पुन्हा नमुना घेऊ. काही निघालंच तरी एवढ्या लवकर कळलेलं बहुतेक वेळा सहज आवरता येतं. म्हणून तर तुमच्या मागे हात धुऊन लागलो. चला आत."

"मी बाहेर थांबू का, आई?" सुनेनं विचारलं.

चेकरबाई दाराशी थांबल्या. आतली खोली लहान होती. पडदा होता. दार आतून लागत होतं. "आत ये," त्या म्हणाल्या. "पण तोंड भिंतीकडे कर."

सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चेकरबाई टेबलावर आडव्या झाल्या आणि छताकडे बघू लागल्या. छताच्या एका कोपऱ्यात ओल आली होती. कंत्राटदारानं पैसे खाल्ले असणार, असा त्यांना संशय आला, आणि त्या संशयानं थोडा धीर आला.

"सैल सोडा अंग. लांब श्वास घ्या," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "थोडं गार लागेल."

गार लागलं. नकोसं वाटलं. पण पाच महिने मनात जे वाढवून ठेवलं होतं, त्याच्या मानानं काहीच नव्हतं. मन मोकळं झालं की डोकं चालायला लागतं, तसं चेकरबाईंचं चालायला लागलं.

"अगं," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "छत्री माझी. टॉर्च माझा. शेकायची पिशवी माझी, कात्री माझी. तुझी स्वतःची छत्री आहे की, निळी. ती का नाही दिलीस कुणाला?"

सुनेनं भिंतीवरचा उखडलेला रंग नखानं खरवडला.

"आणि शिवणवालीला किसणी कशाला? ती तर तशीही आली असती. घरात दोन किसण्या असणाऱ्या बाईला तिसरी द्यायची, तीसुद्धा बरोब्बर माझ्या डोळ्यांसमोर येईल अशी. मी वर गेले की त्या स्टुलावरच बसते, हे तुला माहीत आहे." त्या कोपरावर उठायला लागल्या. "तुला ते पत्र माहीत होतं!"

"हलू नका हो!" मोठ्या सिस्टर ओरडल्या. "आणि मी काही सांगितलेलं नाही. न आलेल्या बायकांची यादी तिच्याच टेबलावर असते, त्याला मी काय करू?"

"दवाखान्यातलं घरी न्यायचं नाही, असा नियम आहे, आई," सून भिंतीला म्हणाली. "तुमच्याशी त्याबद्दल एक शब्द बोलायची मला सोय नव्हती."

"आणि घरातलं दवाखान्यात आणायचं, हा कुठला नियम?"

"परक्या बाईला वस्तू दिली, की ती परत द्यायला येते," सून म्हणाली. "घरच्या बाईची वस्तू नेली, की ती परत न्यायला येते. तुम्ही पहिल्याच वस्तूला याल असं वाटलं होतं. पाच लागल्या."

एकतीस वर्षांत चेकरबाईंना कुणी असं गाफील पकडलं नव्हतं. सुनेची पाठ हलत होती. ती हसत होती की रडत होती, हे पाठीवरून कळत नव्हतं, आणि या वेळी चेकरबाईंनी तपास केला नाही.

"झालं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "नमुना घेतलाय. तीन आठवड्यांनी या, अहवाल आलेला असेल. मग पुढचं ठरवू. याल ना? का पुन्हा गावाला जाल?"

"येईन म्हणजे येईन," चेकरबाई टेबलावरून उतरत ताठपणे म्हणाल्या. "मला आणायला घरातली वस्तू हलवायची काही गरज नाही. माझी मी तिकीट काढून येईन."

"नक्की ना, आई?" सुनेनं अजून भिंतीकडेच बघत विचारलं.

"नक्की."

"मग मिक्सरचं भांडं संध्याकाळी परत ठेवते."